फोटो परत कोण पाठवणार?

स्थळांच्या पत्रव्यवहारात पूर्वी पत्राच्या शेवटी एक ओळ हमखास असे. पसंती नसल्यास फोटो व पत्रिका परत पाठवण्याची कृपा करावी. काही वधुपिते तर स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीटच सोबत जोडत. पाकीट परत आले की घरात थोडा वेळ शांतता पसरे, पण आपल्या मुलीचा फोटो परक्या घरच्या कपाटात पडून राहिलेला नाही, एवढे समाधानही त्याबरोबर येई. फोटोची एकेक प्रत काढायला पैसे पडत, हे कारण होतेच. पण त्याहून मोठे कारण असे की, फोटो ज्याचा त्याचा आणि समोरच्याला तो पाहण्यापुरता दिला आहे, ही समजूत दोन्ही घरांत पक्की होती. ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती. फोटो ठेवून घेणारे घर मात्र चार लोकांत हलके ठरे.

आज आपण घरबसल्या मोबाईलवरून किती जणांना फोटो देतो, याचा हिशेब एखाद्या रविवारी कुटुंबाने मिळून करावा. बँकेचे खाते, मोबाईलचे सिमकार्ड, पैसे पाठवण्याचे अ‍ॅप, शेअर बाजाराचे खाते, भाड्याची दुचाकी, परगावच्या खोलीचे आरक्षण, घरून केलेले लाडू-चकल्या विकण्यासाठी उघडलेले ऑनलाईन दुकान, मुलाचा गेम, लग्न जुळवणारी संस्था. प्रत्येक ठिकाणी मागणी जवळपास एकच. ओळखपत्राची पुढची बाजू पाठवा, मागची बाजू पाठवा, आता चेहरा चौकटीत धरा, मान डावीकडे वळवा, डोळे मिचकवा. आपण निमूटपणे डोळे मिचकवतो. काम झाल्याचा संदेश येतो. फोटोचे पुढे काय झाले, हे कळवणारा संदेश सहसा येत नाही.

ही मागणी अचानक आलेली नाही. मतदाराच्या हाती फोटो असलेले ओळखपत्र असावे, हा आग्रह १९९३ साली टी. एन. शेषन यांनी धरला, तेव्हा त्यावर केवढा वाद झाला होता! खर्च किती, खेड्यापाड्यांत छायाचित्रकार कुठून आणायचे, पदराआडच्या बायका फोटो काढून घेतील का, असे प्रश्न तावातावाने विचारले गेले. रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये 'आपला ग्राहक ओळखा' हे धोरण बँकांपुढे ठेवले. काळ्या पैशाला आळा घालणारा कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला आणि बँकेच्या टेबलावर ओळखपत्राच्या झेरॉक्सचा ढीग वाढू लागला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवण्यास परवानगी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि जे काम काउंटरवर होत असे ते स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाईटखाली होऊ लागले.

सोय झाली, यात शंका नाही. ज्या आजोबांना जिना उतरवत नाही त्यांचे काम घरातून झाले, ज्या सुनेला अर्ध्या दिवसाची रजा मिळत नाही तिची रजा वाचली. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष गेले नाही. काउंटरवरचा कारकून ओळखपत्र हातात घेई, चष्मा वर करून आपल्याकडे पाही, फोटोकडे पाही आणि कार्ड परत देई. पडद्यापलीकडचा कारकून कार्ड परत देत नाही. त्याला ते शक्यच नसते, कारण आपण त्याला कार्ड दिलेले नसतेच, प्रत दिलेली असते. ती त्याच्याकडे राहते.

ओळख विचारूच नये असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांचेच पाहा. परदेशातला डॉक्टर, गलेलठ्ठ पगार, घटस्फोटित, मुलबाळ नाही, अशी माहिती टाकून कुणाचा तरी देखणा फोटो लावायचा आणि चाळिशीतल्या एकट्या बाईच्या आयुष्यभराच्या बचतीवर हात मारायचा, हा धंदा इतका बोकाळला की जून २०१६ मध्ये केंद्र सरकारला या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. सदस्याकडून ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घ्यावा, असे त्यांत सांगितले होते. ते योग्यच होते. गावातला मध्यस्थ घराणे पाहून, मामेकुळाची चौकशी करून मगच स्थळ सुचवी. संकेतस्थळाने निदान माणूस खरा आहे एवढे तरी पाहावे, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही.

सिमकार्डाचेही तेच. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या नंबरवरून फसवणुकीचे फोन येतात, तेव्हा तो नंबर कुणाचा हे पोलिसांना कळायला हवे. ऑनलाईन जुन्या वस्तूंच्या बाजारात सोफा विकायला काढणाऱ्याला आपण लष्करात आहोत असे सांगून लुटणारे भामटे असतात. तिथेही विकणारा आणि घेणारा कोण, हे कुणाला तरी ठाऊक असले पाहिजे. संकेतस्थळांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या, सर्व्हर पुरवणाऱ्या कंपन्या यांनाही आता ग्राहकाची खातरजमा करावी लागते. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने तसा आदेशच काढला. ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क तपासून घ्यायचा आणि पाच वर्षे जपून ठेवायचा. हा आदेश व्हीपीएन पुरवणाऱ्यांनाही लागू होता. त्यांचा सगळा धंदाच ग्राहकाची माहिती न ठेवण्यावर चाललेला. त्यांतल्या काहींनी भारतातले आपले सर्व्हर उचलून नेणे पसंत केले. त्यांची बाजू सगळी खरी होती असे नाही, पण एक गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. जी माहिती आपल्याकडे नाही ती चोरीला जाऊ शकत नाही.

सगळा गुंता इथेच आहे. ओळख पाहणे ही एक गोष्ट आणि ओळख साठवणे ही दुसरी. लोकलमधला तिकीट तपासनीस पास पाहतो, ओळखपत्राचा नंबर जुळतो का ते पाहतो आणि पास परत देतो. त्याने प्रत्येक प्रवाशाच्या पासाची झेरॉक्स काढून घरी न्यायची ठरवली, तर पुढच्या स्टेशनावर दंगा होईल. मोबाईलवर मात्र हीच गोष्ट रोज होते आणि आपण तिला 'प्रक्रिया पूर्ण झाली' असे म्हणतो.

कागदाच्या झेरॉक्सच्या काळात लोकांनी स्वतःपुरता एक उपाय शोधून काढला होता. जाणती माणसे प्रतीवर आडव्या दोन रेघा मारत आणि मध्ये लिहीत: फक्त गॅसजोडणीसाठी, तारीख अमुक, सही. ती प्रत दुसऱ्या कामाला लावणे मग सोपे राहत नसे. चेहरा चौकटीत धरून डोळे मिचकवताना अशी रेघ कुठे मारायची?

आणि ही प्रत ज्याच्या हाती दिली त्याच्याकडेच राहते, असेही नाही. ओळख तपासण्याचे काम पुष्कळ कंपन्या स्वतः करतच नाहीत. ते दुसऱ्या कंपनीला दिलेले असते आणि तक्रारींचे काम तिसरीला. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'डिस्कॉर्ड' या, गेम खेळणाऱ्या मुलांच्या आवडत्या गप्पांच्या सेवेने जाहीर केले की, सुमारे ७०,००० सदस्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो परक्या हाती पडले असावेत. चोरी डिस्कॉर्डच्या स्वतःच्या यंत्रणेतून झाली नव्हती. तिच्यासाठी ग्राहकसेवेचे काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून झाली होती. ओळखपत्रे पाठवणारे होते कोण? आपले वय चुकीचे ठरवले गेले अशी तक्रार करणारे. म्हणजे नियमाने वागून स्वतःचे वय सिद्ध करायला गेले, तेच सापडले. ज्यांनी खोटे वय टाकून गुपचूप प्रवेश मिळवला होता त्यांची ओळखपत्रे अर्थातच सुरक्षित राहिली, कारण त्यांनी ती दिलीच नव्हती.

दक्षिण कोरियाची कथा याहून बोलकी आहे. इंटरनेटवर नाव लपवून लोक वाटेल ते लिहितात, बदनामी करतात, म्हणून त्या देशाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख तपासणे सक्तीचे केले. हेतू चांगला होता. जुलै २०११ मध्ये 'नेट' आणि 'सायवर्ल्ड' या दोन लोकप्रिय सेवांवर चोरांनी डल्ला मारला आणि सुमारे ३.५ कोटी सदस्यांची माहिती नेली. देशाची लोकसंख्या सुमारे ५ कोटी. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने ही सक्तीच रद्द केली. सक्तीमुळे बेकायदा लेखन लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, असे न्यायालयाला आढळले. शिवीगाळ राहिली, ओळख तेवढी गेली.

ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२२ मध्ये 'ऑप्टस' या दूरसंचार कंपनीकडून जवळपास १ कोटी आजी-माजी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. वीस लाखांहून अधिक जणांच्या पासपोर्टचे, वाहन परवान्याचे किंवा तशाच ओळखपत्राचे क्रमांक त्यांत होते. त्या देशाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी उघडपणे सांगितले की, नव्या पासपोर्टचा खर्च कंपनीने सोसावा, आणि कंपनीला ते मान्य करावे लागले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पासपोर्ट नवा मिळतो, त्याचा नंबर नवा असतो, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न तरी विचारता येतो. चेहरा नवा कुठून आणायचा? जन्मतारीख कोणत्या कार्यालयात बदलून मिळते?

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा भयंकर प्रकार २०२४ मध्ये घराघरांत माहीत झाला. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही त्याविषयी सावध केले. ठरलेले संभाषण असे असते: तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमच्या आधार क्रमांकावर सिमकार्ड घेऊन गुन्हा केला आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका. सुशिक्षित, निवृत्त, कधी कोर्टाची पायरी न चढलेली माणसे तासन् तास त्या कॉलपुढे बसून राहतात आणि आयुष्यभराची शिल्लक चोरांच्या हवाली करतात. लोक त्यांना भोळे म्हणतात. मला ते पटत नाही. पोलीस व्हिडिओवरून अटक करत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढे खरे. पण ती धमकी लागू का पडते? तुमच्या आधारची प्रत कुणीतरी वापरली आहे, असे समोरचा म्हणतो, तेव्हा 'छे, माझ्या आधारची प्रत कुणाकडे नाहीच' असे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस आज देशात सापडणे कठीण आहे. हॉटेलात दिली होती, सिमकार्डाच्या टपरीवर दिली होती, सोसायटीच्या सेक्रेटरीला दिली होती, झेरॉक्सच्या दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर प्रिंट काढण्यासाठी स्वतःहून पाठवली होती. मनात शंकेला जागा तयारच असते. भामटा तिथेच बोट ठेवतो.

सरकारलाही हे कळते. पण कळूनही काय होते, त्याचा एक नमुना २०२२ च्या मे महिन्यात दिसला. २७ तारखेला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसतील अशी 'मास्क्ड' प्रत द्या. लोक घाबरले. आजवर दिलेल्या प्रतींचे काय, असा प्रश्न साहजिकच आला. दोन दिवसांत पत्रक मागे घेण्यात आले. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता आहे, लोकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, असा खुलासा झाला. नेहमीची खबरदारी म्हणजे नेमकी कोणती, हे तेव्हाही कुणी सांगितले नाही. पत्रकातला सल्ला मात्र अगदी शहाणपणाचा होता.

आता घरातल्या बायकांच्या बाजूने या गोष्टीकडे पाहू, कारण त्यांची अडचण फार थोड्यांच्या ध्यानात येते. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिले नावही बदलण्याची चाल पुष्कळ घरांत होती. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, शिधापत्रिकेवर दुसरी, पॅनकार्डावर माहेरची आणि आधारवर सासरची. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. संगीता नावात दोनदा 'ई' असतो की एकदा 'आय', ज्योतीच्या शेवटी काय लिहायचे, हे त्या त्या दिवशी अर्ज भरणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर ठरलेले असते. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. गावच्या पोस्टमास्तरला हे कोडे कधी पडले नाही. तो बाईला ओळखत असे, तिच्या सासऱ्यालाही ओळखत असे. बँकेचा कारकूनही कुरकुर करी, पण लग्नपत्रिका किंवा विवाहाचा दाखला पाहून वाट काढी. संगणकाला लग्नपत्रिका कळत नाही. दोन कागदांवरची अक्षरे जुळत नाहीत एवढेच तो पाहतो आणि तांबडी फुली दाखवतो. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला की पुन्हा फुली. तिसऱ्यांदा केला की चोवीस तासांनी या.

विधवा बाईने नवऱ्याच्या पश्चात चालू केलेले छोटे विक्रीचे खाते अशा फुलीपायी बंद पडते, तेव्हा तिने जायचे कुठे? दुकान असते तर ती तिथे जाऊन बसली असती. सेवेचा पत्ता दुसऱ्या राज्यात, कधी दुसऱ्या देशात. ग्राहकसेवेच्या खिडकीत उत्तर देणाराही यंत्रच. राजपत्रात नाव छापून आणा, मग कागद बदला, मग या, असा सल्ला फार तर मिळतो. सल्ला बरोबर असतो, त्यासाठी लागणारे महिने आणि पैसे तिच्याकडे नसतात. शेतात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, मोतीबिंदूच्या डोळ्यांना वेळेवर मिचकवा म्हटलेले वाचता येत नाही, वीस वर्षांपूर्वीच्या फोटोशी आजचा चेहरा जुळत नाही. लबाड माणूस यातून वाट काढतोच. त्याच्याकडे दुसऱ्याच्या कागदांचा साठा असतो. अडते ते खरे माणूस.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. त्याच वर्षी मोबाईल नंबर आधारशी जोडा, अन्यथा सेवा बंद होईल, असे संदेश दिवसाआड येत होते, हे वाचकांना आठवत असेल. २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी आधार योजना कायम ठेवली, पण खासगी कंपन्यांना आधारने ओळख पटवण्याची मुभा देणारी कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. बँका आणि मोबाईल कंपन्यांना ग्राहकाच्या मर्जीने आधार वापरता येऊ लागला. मर्जी हा शब्द कायद्यात शोभून दिसतो. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मर्जी नाही म्हणून पाहावे!

ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांपासून १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. काम संपले की माहिती पुसावी, संमती मागे घेता यावी, चोरी झाली तर ज्याची माहिती गेली त्याला कळवावे. फोटो व पत्रिका परत पाठवण्याची जुनी रीत इथे कायद्याच्या भाषेत आली आहे म्हणा ना. पण अपवादही सोबत आहेत. दुसऱ्या कायद्याने माहिती ठेवायला सांगितले असेल तर ती ठेवावीच लागते. बँकेला ग्राहकाशी संबंध संपल्यावरही पाच वर्षे कागद जपावे लागतात. कोट्यवधी ग्राहकांच्या बड्या खरेदी-विक्रीच्या सेवा आणि समाजमाध्यमे, तसेच मोठे ऑनलाईन गेम यांच्यासाठी नियमांत तीन वर्षांचा कालावधी धरला आहे. तेवढा काळ ग्राहक फिरकला नाही, की मग पुसायचे.

आणखी एक तरतूद वाचून मी थबकलो. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा वाचून बरे वाटते. पण हा दंड जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याचा फोटो, ज्याची ओळख चोरीला गेली त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ अ होते; कंपनीच्या निष्काळजीपणाने नुकसान झालेल्याला त्याखाली भरपाई मागता येई. हे कलम काढून टाकण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. उलट नागरिकाने खोटी तक्रार केली किंवा दुसऱ्याचे सोंग घेतले, तर त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. गाय ज्याची गेली त्याला ती मिळायला नको, कोंडवाड्याची पावती तेवढी फाटायला हवी, असा हा न्याय.

मुलांविषयीची तरतूद पालकांनी मुद्दाम समजून घ्यावी. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईवडिलांची संमती हवी आणि ती खरोखरीच आईवडिलांची आहे हे तपासायला हवे, असे कायदा सांगतो. मुलांच्या हातातला मोबाईल पाहून रोज जीव खाली-वर होणाऱ्या आईबापांना हे ऐकून हायसे वाटेल. पण मूल कोण हे ठरवायचे, तर मूल कोण नाही हेही ठरवावे लागते. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजीलाही आपण अठराच्या पुढच्या आहोत हे कधीतरी दाखवावे लागणार. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून प्रौढांसाठीच्या मजकुराला वयाच्या कडक तपासणीचे कुंपण पडले. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. हा उपाय कितपत चालेल याविषयी तिथेही मतभेद आहेत. पण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातल्या दोन अटी आपल्या कायदेपंडितांनी उचलण्यासारख्या आहेत. सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग कंपनीला ठेवता येत नाही, आणि वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागते. ऑप्टसच्या चटक्यानंतर त्या देशाला आलेले हे शहाणपण असावे.

यंत्राने हे साधत नाही, असे कुणी म्हणू नये. आधारच्या क्यूआर कोडवर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. कार्ड खरे की खोटे हे त्यावरून, प्रत न ठेवताही पडताळता येते. हवी तेवढीच माहिती दाखवण्याची सोय प्राधिकरणाने २०२५ मध्ये आणलेल्या नव्या अ‍ॅपमध्ये आहे. माणूस अठरा वर्षांचा आहे का, या प्रश्नाला 'हो' एवढे उत्तर पुरते. जन्मतारीख, घरचा पत्ता, वडिलांचे नाव आणि चेहरा देण्याचे कारण नाही. मग कंपन्या पूर्ण कार्डाचा फोटोच का मागतात? एक तर तो मागणे स्वस्त पडते. शिवाय उद्या चौकशी झाली तर फाईल दाखवता येते. आणि ग्राहकाचा फोटो गेला तर कंपनीच्या खिशाला फारशी झळ बसत नाही. ही झळ बसायला हवी. माहिती मागणाऱ्यानेच तिच्या चोरीची भरपाई त्या त्या माणसाला द्यायची, असा नियम झाला, तर निम्म्या कंपन्यांना दुसऱ्याच दिवशी साक्षात्कार होईल की, आपल्याला फोटोची तशी गरज नव्हतीच. त्याखेरीज फुली पडलेल्या ग्राहकाला मराठीत बोलणारा एक जिवंत माणूस ठरावीक मुदतीत मिळाला पाहिजे, आणि विवाहाचा दाखला पाहून दोन नावे एकाच बाईची आहेत हे मान्य करण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारखे थोडे आहे. आधार मागितले तर मास्क्ड प्रत द्यावी. प्रिंट काढून झाल्यावर दुकानदाराच्या मोबाईलमधून फाईल पुसली की नाही, ते समोर उभे राहून पाहावे. तो रागावला तर रागावू द्यावा. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसते. ही सोय मे २०२३ पासून आहे, आणि अनोळखी नंबर दिसला तर तो आपला नाही असे तिथेच कळवता येते. एका व्यक्तीला आपल्याकडे नऊ नंबर घेता येतात, तेव्हा यादी लांब निघाली तर दचकण्याचे खरेच कारण आहे. आजी-आजोबांचे हे काम नातवंडांनी करून द्यावे.

नव्या कायद्यात जुन्या प्रतींचीही दखल आहे. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांनी संमती दिली होती, त्यांनाही आपली कोणती माहिती कशासाठी ठेवली आहे हे कंपनीने कळवायचे आहे. मुख्य तरतुदी २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत, त्या सुमाराला अशा सूचना मोबाईलवर येऊ लागतील. त्या जाहिरात समजून पुसून टाकू नयेत. सूचनेच्या नावाखाली भामटेही हात धुऊन घेतील, म्हणून संदेशातल्या दुव्याला बोट न लावता त्या कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती शोधावी. दिलेली संमती मागे कशी घ्यायची, याचा रस्ता त्या सूचनेत दिलेला असलाच पाहिजे.